टिळकवाडीच्या माळ्यावरचा डबा : पाणी पिणाऱ्या विमानांच्या घरगुती चित्रफितींचं एक प्रकरण

मार्च २०२३, शिमग्याचे दिवस. म्हादई अभयारण्य पेटलं होतं. आग गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली, पण डोंगर एकच. पलीकडे सत्तरी, अलीकडे आमचं कणकुंबी, पारवाड, आमगाव. बेळगावची भाजी रोज पहाटे चोर्ला घाटातनं गोव्याला जाते. भाजी उतरवून परतणाऱ्या एका टेम्पोवाल्यानं घाटाच्या वळणावर गाडी थांबवली आणि मोबाइलवर एक्केचाळीस सेकंदांचं चित्रण केलं. धुरानं भरलेली दरी, तिच्यावरून जाणारं वायुसेनेचं हेलिकॉप्टर आणि हेलिकॉप्टरखाली दोराला लोंबणारी बादली.

घरी आल्यावर त्यानं ते टिळकवाडीतल्या आपल्या काकूंना दाखवलं. काकू तेव्हा ऐंशीच्या घरात. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरून दोनदा बघितलं आणि म्हणाल्या, "बादली बारकी हाय रे. आमच्या तळ्यातलं विमान पोट भरून पाणी प्यायचं. माळ्यावर हाय बघ, डब्यात."

मी बेळगावच्या शहापुरात जुन्या फिल्म आणि टेप डिजिटल करून देते. बहुतेक काम लग्नांचं, मुंजींचं, गणपतीच्या मिरवणुकांचं. हा डबा माझ्याकडे आला तो गणपतीनंतर, आणि त्याआधी तो एका दुकानातून फिरून आला होता. ते फिरणं या प्रकरणात महत्त्वाचं आहे, म्हणून आधी घराची हकिगत सांगते आणि मग त्याकडे येते.

काका मूळचे बेळगावजवळच्या सांबऱ्याचे. सांबऱ्याचा विमानतळ १९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, ब्रिटिश वायुदलानं बांधला. काकांचं बालपण त्या धावपट्टीच्या कुंपणाबाहेर गेलं. पुढे ते कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायला शिकले आणि १९७२ मध्ये कॅनडाला गेले. तिथं पश्चिम किनाऱ्यावरच्या व्हँकुव्हर बेटावर पोर्ट अल्बर्नी नावाचं लाकडाचं आणि कागदाचं गाव आहे. कागद गिरणीत काकांना काम मिळालं. गिरणीत पंजाबी माणसं भरपूर, मराठी घर मात्र हे एकच, असं काकू सांगतात. गावाजवळ स्प्रोट तलाव आहे. त्याच तलावावर जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी असलेल्या उडत्या होड्यांचा, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचा तळ होता : आगीवर पाणी टाकणारी मार्टिन मार्स विमानं. काका दर उन्हाळ्यात सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन तलावाच्या काठी बसायचे. १९९६ मध्ये दोघं बेळगावला परतले. २००९ मध्ये काका गेले, आणि डबा माळ्यावरच राहिला.

डब्यात अकरा सुपर ८ रिळं होती, म्हणजे घरगुती कॅमेऱ्याची आठ मिलिमीटर रुंद फिल्म, आणि पाच व्हिडिओ ८ टेप. रिळं कोडॅकच्या पिवळ्या खोक्यांत. प्रत्येक खोक्यावर काकांच्या अक्षरात एक-दोन शब्द : 'तळे', 'तळे – मोठे', 'पाणी पिताना', 'लाल'. तारीख कुठेच नाही. बेळगावच्या पावसाळ्यात माळा म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. कौलांच्या घरात जूनपासून ऑक्टोबरपर्यंत चपलांनाही बुरशी येते. तीन रिळांवर पांढरे कोळ्याच्या जाळ्यासारखे डाग होते, आणि एका रिळाचा डबा उघडताच आंबूस, शिर्क्यासारखा वास आला. तो वास ॲसिटेटच्या फिल्मचा रोग आहे. एकदा सुरू झाला की थांबत नाही, फक्त थंडीनं आणि कोरड्या हवेनं मंदावतो. शेजारच्या रिळांनाही तो लागतो, म्हणून ते रीळ मी पहिल्याच दिवशी वेगळं केलं.

आता दुकानाची गोष्ट. घरच्यांनी आधी डबा एका स्टुडिओत दिला होता. तिथं रिळं जुन्या प्रोजेक्टरवर चढवून भिंतीवर पाडली आणि भिंतीचं मोबाइलनं चित्रण केलं. टेपांबद्दल सांगितलं की त्या 'ब्लँक' आहेत, फेकून द्या. एका रिळाची कडेची भोकं प्रोजेक्टरच्या दातांनी फाटली. बुरशी लागलेल्या रिळावर ओलं फडकं फिरवलं असावं, कारण दोन फुटांवरचा रंगच निघून गेला होता. बुरशी फिल्मवरचा जिलेटीनचा थर खाते आणि जे उरतं ते पाण्यात विरघळतं. म्हणून तिथं पाण्याचा थेंबही चालत नाही. शुद्ध आयसोप्रोपाइल अल्कोहोल लागतं, आणि हलका हात. स्टुडिओतल्या माणसानं हे वाईट हेतूनं केलं असं मी म्हणत नाही. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. पण ते दोन फूट कायमचे गेले, आणि त्या दोन फुटांत काय होतं ते आता काकूंच्या डोक्यातच आहे.

पेन ड्राइव्हवर आलेलं ते चित्रण घरच्यांनी टीव्हीवर लावलं. काकू बघत होत्या. विमान तलावावर उतरलं, पाणी उडवत धावलं आणि उठलं. काकू म्हणाल्या, "हे खोटं हाय."

घरच्यांना वाटलं, वय झालंय. मला मात्र त्या वाक्यानं पकडून ठेवलं. मी त्यांच्या घरी गेले, कुंद्याची वाटी हातात घेऊन त्यांच्याशेजारी बसले आणि विचारलं, खोटं म्हणजे काय? त्यांनी सांगितलं की विमान पाणी भरायला लागलं की त्या आणि मुलगा काठावर उभे राहून मोठ्यानं आकडे म्हणायचे. एकपासून सुरू. पंचविसाला नाहीतर सव्विसाला विमान पाण्यावरून सुटायचं. "आणि हे बघ, अठराला उठलं! आमचं विमान एवढं घाई करत नव्हतं."

सुपर ८ च्या एका रिळात पन्नास फूट फिल्म असते आणि एका फुटात ७२ चौकटी (फ्रेम), म्हणजे ३,६०० चौकटी. घरगुती कॅमेरे सेकंदाला १८ चौकटी घेत, म्हणून रीळ तीन मिनिटं वीस सेकंद चालतं. पेन ड्राइव्हवरचं चित्रण दोन मिनिटं चोवीस सेकंदांत संपत होतं. ३,६०० भागिले २५. दुकानात वेग सेकंदाला २५ चौकटींवर गेला होता, आणि त्यावर कुणाचंच लक्ष नव्हतं. मी 'पाणी पिताना' हे रीळ एकेक चौकट करून स्कॅन केलं. पाणी भरायला लागल्यावर पोटाखालचा फवारा बदलतो, तिथपासून विमान पाण्यावरून सुटेपर्यंत मोजल्या : ४६८ चौकटी. १८ नं भागलं तर सव्वीस सेकंद. २५ नं भागलं तर पावणेएकोणीस.

काकूंचे आकडे बरोबर होते. ऐंशी वर्षांच्या बाईच्या तोंडपाठ आकड्यांनी यंत्राची चूक पकडली.

हा हिशोब विमानाच्या माहितीशीही जुळतो. मार्टिन मार्स सुमारे २७ हजार लिटर पाणी घ्यायचं. तळातल्या दोन तोट्या खाली यायच्या, विमान साठ-सत्तर नॉटच्या वेगानं पाण्यावर घासत राहायचं आणि वेगाच्या दाबानंच पाणी टाकीत चढायचं. सेकंदाला एक टनाहून जरा जास्त. विमानाच्या एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत दोनशे फूट, इंजिनं चार. टाकीत फेस करणारं द्रव मिसळून ते आगीवर सोडत. काकू म्हणतात, "वरनं सोडलं की यल्लम्माच्या जत्रेत भंडारा उधळल्यागत पसरायचं, फक्त पांढरं."

इथं कामाच्या पद्धतीबद्दल माझं मत सांगते. घरगुती चित्रण आलं की लोक आधी ते स्वच्छ करतात, मग घरच्या म्हाताऱ्या माणसाला दाखवतात. मी उलट करते. हाताशी जे असेल, अगदी भिंतीवरचं मोबाइल चित्रणही चालेल, ते लावायचं, समोर त्या माणसाला बसवायचं आणि आवाज रेकॉर्ड करायचा. पहिल्यांदा बघताना जे तोंडातून येतं ते दुसऱ्यांदा येत नाही. काकूंच्या पहिल्या बैठकीत त्यांचा मुलगा बंगळुरूहून आला होता आणि शेजारी बसून तो प्रत्येक वाक्य दुरुस्त करत होता : "आई, ते पंच्याहत्तर नव्हे, शहात्तर." अर्ध्या तासात काकू गप्प झाल्या. दुसऱ्या बैठकीला मी त्याला विनंती करून बाहेर बसवलं. त्या दिवशी काकू दोन तास बोलल्या.

मुलाची दुरुस्ती मात्र एके ठिकाणी खरी निघाली, आणि तीही चित्रणामुळेच. काकूंच्या मते सहावं रीळ मुलाच्या जन्माआधीचं, १९७५ च्या उन्हाळ्यातलं. पण रिळाच्या शेवटी बाबागाडी दिसते आणि तिच्यात टोपडं घातलेलं बाळ. म्हणजे १९७६. मी ती चौकट थांबवून दाखवली तेव्हा काकू बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "टोपडं माझ्या आईनं शिवून पाठवलं होतं. पोस्टानं." हे टोपडं आधी कुठल्याच बैठकीत आलं नव्हतं.

तारखा लावायला पिवळी खोकी उपयोगी पडली, पण जपून. खोक्यावरचा टपालाचा शिक्का हा फिल्म धुऊन आल्याचा असतो, चित्रणाचा नव्हे. काका पैसे वाचवायला एक रीळ दोन उन्हाळे पुरवायचे, त्यामुळे जुलैमधलं विमान आणि डिसेंबरमधला बर्फ एकाच रिळात सापडतो. त्याहून भक्कम पुरावा विमानावरच्या अक्षरांत मिळाला. कॅनडानं १९७४ पासून विमानांच्या नोंदणीची पद्धत बदलली. आधी 'सीएफ' ही दोन अक्षरं, मग रेघ, मग तीन अक्षरं. नंतर रेघ 'सी' आणि 'एफ'च्या मधे आली. जुन्या विमानांवरची अक्षरं पुन्हा रंगवताना बदलत गेली. 'तळे – मोठे' या रिळात रेघ जुन्या जागी आहे, तर 'लाल' या रिळात नव्या. शेवटच्या अक्षरावरून विमान कोणतं तेही कळतं. 'एल' असेल तर हवाई मार्स, 'के' असेल तर फिलिपीन मार्स. दोन्ही लाल-पांढरी, त्यामुळे रंगावरून काही ठरत नव्हतं.

काकांनी विमानं दोनच का टिपली, हा प्रश्न टेम्पोवाल्या पुतण्यानं विचारला, कारण त्यानं चार होती असं वाचलं होतं. ही विमानं अमेरिकन नौदलासाठी बांधलेली मालवाहू उडती जहाजं. १९५९ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या लाकूड कंपन्यांनी एकत्र येऊन चार विकत घेतली. लाकूड कंपनीत वैमानिक असलेल्या डॅन मॅकआयव्हर यांची ती कल्पना. त्यातलं मारियानास मार्स जून १९६१ मध्ये आगीवर काम करताना कोसळलं, चौघंही दगावले. दुसरं, कॅरोलाइन मार्स, पुढच्याच वर्षी ऑक्टोबरच्या वादळात जमिनीवर उभं असताना मोडलं. काका तिथं पोहोचले तेव्हा दोनच उरली होती. काकूंना या अपघाताचं वर्ष ठाऊक नाही, पण काठावरच्या गप्पांत त्या पहिल्या विमानाचं नाव निघालं की बोलणाऱ्यांचा आवाज खाली यायचा, एवढं त्यांना स्पष्ट आठवतं.

या चित्रणात माणसं फार कमी आहेत. काकांना यंत्रं आवडायची. सातव्या रिळात मात्र नऊ सेकंद वैमानिक दिसतात. लाकडी धक्क्यावर चौघं उभे, एकाच्या हातात काकूंनी दिलेली स्टीलची ताटली, दुसरा लाडू उचलून वास घेतोय. ती चौकट बघून काकू खुदकन हसल्या. लाडू बेसनाचे होते, तुपाच्या वासाला तो माणूस बिचकला आणि मग तीन खाल्ले. त्या चौघांत वैमानिक दोनच, बाकीचे दोघे इंजिनांवर लक्ष ठेवणारे इंजिनिअर. पाण्यावर घासत जाताना विमानाचं वजन सेकंदासेकंदाला वाढतं, म्हणून इंजिनांचा जोर कमी-जास्त करायचं काम त्या वेळी इंजिनिअर करायचा आणि वैमानिक विमान सरळ धरायचा. काकांना याचं फार कौतुक. काकूंनी त्यांचंच वाक्य मला सांगितलं : "उडवणारा एक, जोर देणारा दुसरा. संसारागत."

त्या चौघांपैकी एकाचं नाव काकूंना आठवतं. ते मी लिहिलेलं नाही आणि घरच्यांनाही बाहेर सांगू नका म्हटलंय. त्या माणसाची मुलंबाळं असतील. धक्क्यावर लाडू खाताना त्यानं आपलं चित्रण जगभर फिरवायची परवानगी दिली नव्हती. कॅनडातल्या एका ओळखीच्या कुटुंबामार्फत निरोप गेला आहे. उत्तर येईपर्यंत ते नऊ सेकंद घरातच राहतील.

आता त्या 'ब्लँक' टेपा. पाचपैकी एकही कोरी नव्हती. कॅनडातला व्हिडिओ एनटीएससी पद्धतीचा, आपल्याकडचा पाल पद्धतीचा. एकाची टेप दुसऱ्याच्या यंत्रात घातली की पट्टे धावतात किंवा काळं दिसतं. दुकानात तेच झालं. मी दोन्ही पद्धती चालणारं जुनं यंत्र पुण्याहून मागवलं. चार टेपांत वाढदिवस, बर्फ, गिरणीतली सहल. पाचवीत तलाव. आणि पाचवीत आवाज.

काकांची सुपर ८ ची रिळं मुकी होती. त्यामुळे तोपर्यंत काका या सगळ्या प्रकरणात फक्त अक्षर होते, खोक्यावरचं. पाचव्या टेपेत कॅमेरा हलतो, विमान लांबून येतं आणि कॅमेऱ्याच्या मागून सांबऱ्याची मराठी ऐकू येते : "अगं मागं सर की! पंख बघ, पंख! सांबऱ्याच्या धावपट्टीएवढं हाय!" मग विमान पाण्याला टेकतं आणि एक बाई आणि एक मुलगा आकडे म्हणायला लागतात. एक, दोन, तीन. सातापर्यंत मराठीत. मग मुलगा इंग्रजीवर जातो आणि बाई मराठीतच पुढं जाते. सव्वीस.

चौदा वर्षांत घरात कुणी काकांचा आवाज ऐकला नव्हता. काकूंनी टेप थांबवू दिली नाही. शेवटपर्यंत चालू दिली, मग रिवाइंड करायला सांगितली. मी यंत्र बंद करून पाणी प्यायला उठले, तेव्हा पुतण्या अंगणात जाऊन उभा होता.

पुतण्याचं चित्रणही मी या प्रकरणात धरलं. त्याचा मोबाइल मधल्या काळात पावसात भिजून गेला होता. उरलेली प्रत मित्रांच्या गटात पाठवलेली, दाबून लहान झालेली, तारीख आणि ठिकाण पुसलेलं. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीच्या रिळात मला विमानाच्या शेपटीवरची अक्षरं वाचता आली, आणि सहा महिन्यांपूर्वीच्या चित्रणात हेलिकॉप्टरची खिडकीही दिसत नव्हती. म्हणून त्यालाही काकूंसारखंच समोर बसवून बोलतं केलं. कुठल्या वळणावर थांबलास, टेम्पोत कोण होतं, वारा कुठून होता, राखेचा वास कसा होता. त्याला एक गोष्ट आठवली जी चित्रणात नाही : पाणी पडल्यावर दरीतून वर आलेला धूर काळ्याचा पांढरा झाला, आणि मागं थांबलेल्या बसमधल्या बायकांनी हात जोडले.

वायुसेनेच्या एमआय-१७ व्ही५ हेलिकॉप्टरला बांधलेल्या अशा बादलीत, म्हणजे बांबी बकेटमध्ये, सुमारे साडेतीन हजार लिटर पाणी मावतं. कर्नाटकानं हे दृश्य त्याआधी फेब्रुवारी २०१९ मध्ये बंडीपूरच्या आगीत पाहिलं होतं. काकूंचं 'बादली बारकी' हे म्हणणं आकड्यांनी खरं आहे. पण हेलिकॉप्टर डोंगराच्या घळीतल्या लहानशा बंधाऱ्यातही बादली बुडवू शकतं, तर मार्सला कित्येक किलोमीटर मोकळं, खोल पाणी लागायचं. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या विचारात पडल्या. "राकसकोपात उतरलं नसतं म्हणायचं," त्या बेळगावच्या जलाशयाबद्दल म्हणाल्या. मला वाटतं, नसतंच.

घरच्यांना शेवटी काय हवं होतं, यावर थोडी ओढाताण झाली. मुलाला पाच मिनिटांचा संगीत लावलेला व्हिडिओ हवा होता, नातेवाइकांना पाठवायला. मी तो करून दिला, पण मूळ स्कॅनला हात न लावता, आणि काकांच्या आवाजावर संगीत घालायला नकार देऊन. बाकी सगळं तीन ठिकाणी ठेवलं आहे : एक हार्ड डिस्क टिळकवाडीत, एक बंगळुरूला, एक माझ्याकडे. रिळं माळ्यावरून उतरून कपड्यांच्या गोदरेज कपाटात आली आहेत, सिलिका जेलच्या पुड्यांसह. वासाचं रीळ वेगळ्या डब्यात, माझ्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. प्रत्येक फाइलच्या नावात वर्ष, ठिकाण, आणि ते वर्ष कशावरून ठरवलं ते लिहिलंय : 'अक्षरांवरून', 'बाळावरून', 'काकूंच्या सांगण्यावरून'.

ऑगस्ट २०२४ मध्ये हवाई मार्स शेवटचं उडालं. व्हँकुव्हर बेटावरच्याच एका विमान संग्रहालयाकडे ते गेलं. पुतण्यानं मोबाइलवर ते पाण्यावर उतरताना दाखवलं. काकूंनी सवयीनं आकडे सुरू केले. पण या खेपेला विमान पाणी भरून उठणार नव्हतं. पंधरा-सोळापर्यंत त्या गेल्या आणि विमान पाण्यावर मंदावत थांबलं तशा त्याही थांबल्या.

अकरावं रीळ कधीचं ते अजून लागलेलं नाही. त्यात धक्क्यावर एक उंच माणूस कॅमेऱ्याकडे बघून हात हलवतो, मागे विमान उभं, शेपटीची अक्षरं चौकटीबाहेर. काकू म्हणतात ओळखीचा आहे, नाव ओठांवर आहे. रविवारी पुन्हा लावायचं ठरलंय. रेकॉर्डर मी त्यांच्याकडेच ठेवून आले आहे, मधेच आठवलं तर बटण कुठलं दाबायचं ते दाखवून.